उपासाचं पथ्य

माझ्या आईचा उपासांवर जितका विश्वास होता तितका देवावरही नसावा. सोमवार, चतुर्थी, एकादशी ठरलेले, आणि उरलेल्या दिवसांपैकी एखादा कुणाच्या तरी नवसासाठी. माझी दहावी, बाबांची बदली, शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण, सगळं तिनं उपास करून पार पाडलं असं तिचं ठाम मत होतं. मी त्यावरून तिला फार चिडवायची. ती म्हणायची, "हास तू. तुह्या नोकरीसाठीच धरला होता शुक्रवार."

ती वर्ध्याकडची. बाबा रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते आणि बदल्यांच्या फेऱ्यात आम्ही रायपूरला येऊन टेकलो ते कायमचे. बाबा रिटायर झाले तेव्हा रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. एका जुन्या सरकारी दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय आलं होतं आणि तिथे मी कारकून होते. ज्या खोलीत माझं टेबल होतं तिच्या भिंतींना अर्ध्या उंचीपर्यंत पांढऱ्या टाइल्स होत्या, वॉर्डात असतात तशा. बाहेर लाल दिव्याच्या गाड्या उभ्या आणि आत आम्ही फाइली घेऊन जणू भरती झालेले. मी घरी येऊन हे सगळं रंगवून सांगायची आणि बाबा पोट धरून हसायचे.

त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या आधी बाबांच्या पायांवर सूज यायला लागली. मग सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली. बीपी कित्येक वर्षांचं होतंच, आणि गुडघ्यांसाठी ते मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून चहासोबत घ्यायचे, कुणाला न विचारता. आम्ही त्यांना समता कॉलनीतल्या एका डॉक्टरांकडे नेलं. रक्त, लघवी, सोनोग्राफी झाली आणि निघालं की दोन्ही किडन्या थकल्यात. बाबांनी विचारलं, "मतलब कितनी बची है?" जसं इंजिनात कोळसा किती उरलाय विचारावं. डॉक्टर म्हणाले, "अभी डायलिसिस की ज़रूरत नहीं है. परहेज़ से चलाएँगे. नमक एकदम कम, दाल कम, पानी नाप के."

ते आणखीही बोलले. पण माणूस डॉक्टरकडून तेवढंच ऐकून येतो जेवढं त्याला आधीपासून कळत असतं. आम्ही तिघं बाहेर पडलो ते मीठ, डाळ आणि पाणी एवढंच घेऊन. ऑटोत आई बोटांवर काही तरी मोजत होती. मग तिचा चेहरा एकदम सैल झाला.

"मीठ नाही, दाळ नाही," ती म्हणाली. "म्हंजे उपासच झाला नं. त्यात काय कठीन आहे."

कित्येक दिवसांनी ती हसली होती. मला इतकं बरं वाटलं की मी तिचा हात धरला. ज्या आजाराचं नाव ऐकून आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं, त्याच्यावर करायचं काय हे निदान आमच्या घरात कुणाला तरी येत होतं. चाळीस वर्षं तिनं तेच केलं होतं.

दुसऱ्याच दिवशी ती गोल बाजारात जाऊन शेंदेलोणाचे खडे घेऊन आली आणि खलबत्त्यात कुटायला बसली. आमच्याकडे शेंदेलोण हे मीठ नाहीच. मीठ उपासाला चालत नाही आणि शेंदेलोण चालतं, तेव्हा ते मीठ नाही, इतकं ते सरळ आहे. या हिशोबाबद्दल आईला कधी शंका आली नाही. मला आली नाही आणि बाबांनाही नाही. देवाला चालणारी वस्तू किडनीला का चालू नये.

मग बाबांसाठी वेगळी शेगडी, वेगळा तवा, वेगळे डबे. सकाळी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. दुपारी तुपात जिरं घालून बटाट्याची भाजी. संध्याकाळी रताळ्याचा कीस, नाहीतर राजगिऱ्याचं थालीपीठ, वर पिकलेली केळी. आणि भेटायला येणारा प्रत्येक जण सांगून जायचा की नारळपाण्यानं किडनी धुऊन निघते, म्हणून नारळपाणी. हे सांगणाऱ्यांत बँकेतले होते, मास्तर होते, एक तर आमच्याच मंत्रालयातले साहेब होते. आजारी माणसाच्या खाटेशी बसलं की आपल्याकडे सगळ्यांनाच वैद्यकी येते. आता त्यातलं कुणी दिसलं की मी रस्ता बदलते.

बाबांना मात्र हे पथ्य मानवलं होतं. "माह्या आजारपनात तं माही चैनच होऊन राहिली," ते म्हणायचे. "आधी माहीत असतं तं सर्व्हिसमधेच आजारी पडलो असतो." आई लटकं रागवायची आणि थालीपिठावर आणखी तूप सोडायची.

कठीण होतं ते पाणी. आई सकाळी एक पितळी गडू भरून त्यांच्या उशाशी ठेवायची. दिवसभराचं तेवढंच, चहासुद्धा त्यातच धरायचा. ज्या माणसानं नागपूर ते बिलासपूर प्रत्येक स्टेशनचं पाणी चवीनं ओळखलं होतं, त्याला आता घोट मोजावा लागत होता. त्यात नवतपा लागला. रायपुरात ते नऊ दिवस घराबाहेर कुत्रंही दिसत नाही. कूलर गरम वारा फेकत होता आणि बाबा ओठांवरून ओला रुमाल फिरवत पडून असायचे. त्यांच्यासमोर पाणी प्यायची आम्हाला लाज वाटायची. मी आणि आई स्वयंपाकघरात जाऊन, दाराला पाठ करून, माठाचं झाकण आवाज न करता उचलून प्यायचो.

एकदा त्यांनी हाक मारली, "तिथं काहून लपून पेता वो. इथं येऊन प्या. पाहू तं द्या."

मी ग्लास घेऊन त्यांच्यासमोर गेले, पण मला घोट गिळवेना. तहान इतकी का लागते, हे तेव्हा आम्हाला कळत नव्हतं. शेंदेलोण पोटात गेलं की त्याचं मीठच होतं आणि मीठ पाणी मागतं. पायांची सूज उतरत नव्हती, वाढत होती. आईनं त्यांच्या पायांना एरंडाची पानं बांधली.

मग त्यांच्या पायांतलं बळ गेलं. आधी पलंगावरून उठताना कठडा धरायचे, मग माझा खांदा. "पायात जीवच नाही राहिला वो," ते म्हणाले, काही तरी हरवल्याचं सांगावं तसं. आईनं हिशोब केला. दाळ बंद, मीठ बंद, माणूस अशक्त होणारच. तिनं एका केळ्याची दोन केली. नारळपाणी दोन वेळा सुरू केलं. तरी पाय उचलेनात, तेव्हा तिनं ताटात आणखी एक रताळं वाढवलं. माझ्या डोळ्यांसमोर ती एकेक घास कालवून त्यांना भरवायची आणि म्हणायची, "एवढं खा. ताकद येईन."

मला हे दृश्य अजूनही सहन होत नाही. ती माझ्या बाबांना जगवण्यासाठी धडपडत होती आणि जितकी धडपडत होती तितके ते खाली जात होते.

त्या सकाळी मी ऑफिसला निघाले होते. बाबा खुर्चीत बसले होते आणि त्यांना उठताच येत नव्हतं. दुखत नव्हतं, गरगरत नव्हतं, फक्त पाय ऐकत नव्हते. श्वास मात्र चमत्कारिक चालला होता. धावून आल्यावर लागतो तसा नाही. शांत बसलेला माणूस खोल, खूप खोल श्वास ओढत होता आणि सोडत होता. मी मनगट धरलं. नाडी इतकी सावकाश लागत होती की मला वाटलं मीच चुकीची जागा धरली आहे.

"मले काही होऊन नाही राहिलं," ते म्हणाले. "फक्त उठता नाही येत. तू जाय ऑफिसला."

शेजारच्या भैयांच्या व्हॅनमध्ये आम्ही त्यांना घातलं आणि डॉक्टर जिथे दुपारपर्यंत बसायचे त्या मोठ्या दवाखान्यात नेलं. छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टरांनी ती पट्टी हातात घेतली आणि दोन नर्सांना एकदम कामाला लावलं. सुई, बाटली, इंजेक्शन. मग आईकडे वळून विचारलं, "माताजी, क्या-क्या खिला रहे थे?"

आई तयारच होती. इतक्या दिवसांत तिच्या मेहनतीबद्दल पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. पदर सावरून ती हिंदीत सांगायला लागली. नमक बिलकुल नहीं, सिर्फ सेंधा. दाल का दाना नहीं. आलू, शकरकंद, केला, मूंगफली, सब घी में. और नारियल पानी, रोज दो टाइम. "कोई लापरवाही नहीं की, डॉक्टर साहब," ती म्हणाली.

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. ते तिला एक शब्दही बोलले नाहीत, आणि यासाठी मी आजही त्यांना मनातून हात जोडते. त्यांनी मला बाहेर बोलावलं.

व्हरांड्यात उभं राहून त्यांनी मला पोटॅशियम म्हणजे काय ते सांगितलं. रक्तात ते थोडंसं लागतंच, त्याच्या जोरावर स्नायू हलतात आणि हृदय चालतं. वाढलं की तेच पायांतली ताकद काढून घेतं आणि शेवटी हृदय थांबवतं. धडधाकट माणसानं कितीही केळी खाल्ली तरी किडनी जास्तीचं बाहेर टाकून देते. बाबांची टाकत नव्हती. बटाटा, रताळं, केळं, शेंगदाणे, नारळपाणी, सगळ्यांत तेच भरलेलं. आणि तो श्वास? रक्तात आम्ल साचलं होतं. किडनीनं काढायचं ते निघत नव्हतं, म्हणून फुफ्फुसं ते श्वासावाटे बाहेर फेकू बघत होती. म्हणजे ते शरीर गप्प बसलेलं नव्हतं. आम्ही रताळी भरवत होतो आणि ते एकटं आतून लढत होतं.

आईचा मिठाचा हात कधी चुकला नाही. चमचा नाही, माप नाही, चिमटीत येईल तेवढं. त्या व्हरांड्यात मला कळलं की प्रत्येकाच्या आत असाच एक हात असतो. पाणी किती, मीठ किती, आंबट किती, हे तो जन्मभर चिमटीनं ठरवत असतो आणि आपण त्याला कधी विचारतही नाही. बाबांच्या आतला तो हात थांबला होता आणि त्याचं काम आईनं अंगावर घेतलं होतं, काय मोजायचं हे माहीत नसताना.

"बचेंगे?" मी विचारलं.

"सुई से थोड़ा टाइम मिला है," डॉक्टर म्हणाले. "डायलिसिस अभी चाहिए."

तेव्हा शहरात ही मशीनं बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्या दवाखान्यात एकच चालू होतं. त्यावर एक माणूस होता. उरल्याला, कारखान्यांच्या वस्तीत, रोलिंग मिलमध्ये कामाला होता असं नर्स म्हणाली. त्याची बायको खोलीच्या दाराशी जमिनीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्या शेजारी उभी राहिले. काचेतून त्या माणसाचं रक्त नळीतून जाताना आणि दुसऱ्या नळीतून परत येताना दिसत होतं. संथपणे, कुठलीच घाई नसल्यासारखं. मी मनात त्या माणसाला ऊठ म्हणत होते. ऊठ, पुरे झालं तुझं, ऊठ. त्याचंही आयुष्य त्याच नळीत आहे हे मला दिसत होतं आणि तरीही मी तेच म्हणत होते. आपण इतके वाईट होऊ शकतो हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

डॉक्टर आले आणि त्या बाईशी खाली वाकून बोलले. तिच्या माणसाचं अजून बरंच बाकी होतं. पण त्याची तब्येत आज बरी आहे, आणि बाहेर एक जण आहे जो थांबू शकत नाही. तिनं काचेतून आत बघितलं, मग माझ्याकडे.

"तुंहर ददा आय?" तिनं विचारलं. तुझा बाप आहे का.

"हव," मी म्हणाले.

"हव," ती डॉक्टरांना म्हणाली, आणि पिशवी उचलून उठली.

तिच्या माणसाला उतरवलं. आत राहिलेलं पाणी आतच घेऊन, सुजल्या पायांनी, बायकोच्या खांद्याला धरून तो माझ्यासमोरून गेला. मला त्यांच्याकडे बघवलं नाही. मी त्यांना धन्यवादसुद्धा म्हणाले नाही, कारण म्हणायला तोंड उघडलं असतं तर मी तिथेच हंबरडा फोडला असता.

बाबांना मशीनवर घेतलं. मी आईकडे गेले. ती खाली फाटकाजवळच्या झाडाखाली उभी होती आणि तिच्या हातात सोललेला नारळ होता, वर नळी लावलेला. फाटकावरच्या गाड्यावरून तिनं घेतला होता.

"हे ने वर," ती म्हणाली. "घसा कोरडा पडला असंन त्यायचा."

मी तो घेतला. जिना चढून गेले, वॉशबेसिनपाशी थांबले आणि सगळं पाणी त्यात ओतलं. ओतताना अर्धं साडीवर सांडलं. मग रिकामा नारळ कचऱ्याच्या डब्यात टाकून खाली गेले. "पेले?" आईनं विचारलं. मी मान हलवली.

बाबा वाचले. चौथ्या की पाचव्या दिवशी घरी सोडायचं ठरलं तेव्हा आहार सांगणारी एक तरुण दीदी आली. मी तिला बाहेर गाठून सांगणार होते की जे काय ते मला सांगा, पण ती सरळ खाटेपाशी जाऊन आईशीच बोलायला लागली, आणि तिचं तरी काय चुकलं. आलू नहीं. शकरकंद नहीं. केला नहीं. मूंगफली नहीं. नारियल पानी तो ज़हर समझिए. सेंधा नमक भी नमक ही है, माताजी. सादा चावल चलेगा, लौकी चलेगी, पर काटकर, भिगोकर, उबालकर, पानी फेंक देना.

आई एकेक ऐकत होती. आधी मान हलवत होती, मग हलवेनाशी झाली. ती शिकलेली कमी होती, पण मूर्ख नव्हती. आमच्या स्वयंपाकघरातला एकही डबा त्या पोरीनं सोडला नव्हता. बाबांनी आईकडे बघितलं आणि लगेच खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांना आधीच कळलं होतं तर. डॉक्टर त्यांच्याशी बोलले असावेत.

 घरी आल्यावर आई स्वयंपाकघरात गेली, ओट्याला धरून उभी राहिली आणि मला विचारलं, "मीच केलं नं हे?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं मी. पण खोटं बोलले असते तर उद्या तिनं पुन्हा रताळं शिजवलं असतं. "हो," मी म्हणाले. "पण तुले कोनी सांगितलं होतं का आई? आपल्याले कोनाले माहीत होतं?"

तिनं दुसरं वाक्य ऐकलंच नाही. ती तिथेच फरशीवर बसली आणि भिंतीला डोकं टेकलं. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. मी भात आणि दुधी शिजवला. दुधीचं पाणी फेकायचं ते फेकलं आणि उरला तो लगदा बाबांपुढे ठेवला. त्यांनी दोन घास खाऊन ताट सरकवलं. आई आली नाही. जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दुपारी माझ्या लक्षात आलं की माठातलं पाणी काल संध्याकाळी होतं तेवढंच आहे. तिनं निर्जळा धरला होता. कशासाठी, हे सांगायची गरज नव्हती. नवतपा सरला तरी उन्हं उतरली नव्हती, घरात श्वास घेववत नव्हता, आणि ती फरशीवर पडून होती. ओठांना भेगा पडल्या होत्या. मी हातापाया पडले, ओरडले, ग्लास तिच्या तोंडाला लावला. तिनं दात घट्ट मिटले. मला खरंच वाटलं की आता दोघंही जाणार, एक नको ते आत गेलं म्हणून आणि एक हवं ते आत घेत नाही म्हणून, आणि मी मधे उभी राहून बघत बसणार.

पलंगाचा आवाज झाला. बाबा भिंत धरत, पाय ओढत दारापर्यंत आले. हातात त्यांचा गडू होता.

"कालपासून पानी नाही पेली तू," ते म्हणाले.

"मले नाही पाहिजे."

"मले पाहिजे अन मले भेटत नाही. तुले भेटते अन तुले नाही पाहिजे. हा कोनता न्याय आहे वो?"

 बाबा चौकटीला टेकून हळूहळू खाली बसले, तिच्यासमोर. माझ्या हातातला ग्लास घेऊन त्यातलं पाणी मोरीत टाकलं आणि आपल्या गडूतलं त्यात ओतलं.

"हे माह्या वाट्याचं आहे," ते म्हणाले. "पे."

"तुम्हाले कमी होईन."

"होऊ दे. नाही पेली तं हे पन सांडून देतो मी. मंग संध्याकाळपर्यंत बसू दोघंही." आणि त्यांनी ग्लास खरोखर तिरपा केला. पाण्याची धार काठापर्यंत आली.

आईनं दोन्ही हातांनी ग्लास धरला. ती प्याली आणि पिता पिता रडायला लागली. ते दोन्ही तिला एकदम जमेना, पाणी नाकात गेलं, ठसका लागला. बाबा तिच्या पाठीवर थापटत राहिले. मी धावत गडू भरायला गेले तर त्यांनी भरू दिला नाही. मोजलेलं ते मोजलेलं, म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत ओल्या रुमालावर राहिले.

"चुकली तं चुकली," पलंगाकडे परत जाताना ते आईला म्हणाले. "आता उठ अन काही रांध. या पोट्टीच्या हातचं खाऊन मराले नको लावू मले."

आई उठली. पण नंतर ती पहिल्यासारखी रांधणारी बाई राहिली नाही. भाजी चिरून भिजवायची, उकळायची, पाणी फेकायची, पुन्हा उकळायची. फेकताना तिचा जीव तुटायचा. सगळं सत्त्व मोरीत जातं, म्हणायची, पण फेकायची. बाबा जेवताना ती समोर बसून प्रत्येक घास बघायची आणि ताट उचललं की म्हणायची, "उठून दाखवा." बाबा कशाला न धरता खुर्चीतून उठायचे, एकदा गोल फिरायचे आणि बसायचे. मग ती जेवायची. आठवड्यातून दोनदा मी त्यांना मशीनवर न्यायची. उपास तिनं सगळे सोडले. कुणी विचारलं तर सांगायची, तब्येत साथ देत नाही.

असे ते दोन उन्हाळे आणखी जगले. तिसऱ्याच्या आधी एका सकाळी चहा घेता घेता त्यांचं डोकं छातीवर आलं आणि ते संपले. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. अशा आजारात ते कधीही होऊ शकतं. इतकी वर्षं शरीरानं ओढलं हेच खूप. कुणाच्या हातात काही नव्हतं. त्यांनी हे आईच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. 

पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बायका पिठलं-भात घेऊन आल्या, बसल्या, गेल्या. आई रडत नव्हती. सगळे गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं.

"काल मी त्यायले काय काय देल्लं होतं, सांग," ती म्हणाली.

मी सांगितलं. सकाळी पोहे, धुऊन घेतलेले. दुपारी भात आणि दुधी, दोनदा उकळलेला. संध्याकाळी एक पोळी आणि कोबी, पाणी फेकलेला. त्यात काहीच नव्हतं आई, मी म्हणाले, काहीही नव्हतं. तिनं मान हलवली आणि थोड्या वेळानं तेच पुन्हा विचारलं.

आता ती फार म्हातारी झाली आहे. पुष्कळ गोष्टी विसरते, माझं नावही कधीकधी. पण हे मधूनच विचारते, जेवता जेवता नाहीतर कूलरसमोर बसल्या बसल्या. मी हातातलं काम ठेवून सांगते. पोहे, मग भात आणि दुधी, मग पोळी आणि कोबी, ह्याच क्रमानं. क्रम चुकला की ती माझ्या तोंडाकडे बघते आणि विचारते, "काय लपवून राहिली?"